सरावात दहा मीटर टाकणारा पॅरा गोळाफेकपटू स्पर्धेत साडेआठवरच का अडकतो? मानसिक सरावाची नेहमीची तंत्रं दिव्यांग खेळाडूला चालतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही शिकवता तो खेळाडू एफ५५ या बसून फेकणाऱ्यांच्या गटातला, पाठीच्या कण्याला दुखापत, फ्रेमवर म्हणजे फेकीसाठीच्या पक्क्या बैठकीवर बसून गोळा टाकतो. सरावात दहाच्या आसपास जातो, पण राष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही वेळा साडेआठच्या पुढे सरकला नाही. खोल श्वास, डोळे मिटून फेक आठवणं, ‘मी करू शकतो’ म्हणणं, सगळं करून झालं. आणि आता तुम्ही विचारताय, दिव्यांग खेळाडूंचं मानसशास्त्रच वेगळं असतं का?

नसतं. दडपण तेच, घाबरणं तेच, शेवटच्या फेकीला हात आखडणंही तेच. पण मानसिक सरावाची बहुतेक तंत्रं धडधाकट शरीराच्या मापानं शिवलेली आहेत. ती उसवून त्या खेळाडूच्या मापाची करून घ्यावी लागतात. मी पुण्यात पॅरा खेळाडूंसोबत हेच काम करते, आणि हे मला पुस्तकानं नाही, एका फजितीनं शिकवलं.

सुरुवातीचे दिवस होते. समोर व्हीलचेअरवर सहा जण. मी स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम घ्यायला लागले. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं गेल्या शतकात घडवलेली ही पद्धत: एकेक स्नायू आवळायचा, मग सोडायचा. आम्हाला शिकवताना तो पायाच्या बोटांपासून सुरू करायला शिकवलेला. मी आपली गंभीर आवाजात, “आता पायाची बोटं घट्ट आवळा.” मागून एकजण म्हणाला, “मॅडम, ती बोटं २०११ पासून माझं ऐकत नाहीत.” सगळा हॉल हसला. मीही हसले, पण घरी जाताना रिक्षात कान गरम झाले होते.

त्यानंतर मी हा व्यायाम जबडा, मान, खांदे, हात असा वरून सुरू करते आणि जिथे खेळाडूची संवेदना संपते तिथे थांबते. संवेदना कुठे संपते हे त्यालाच विचारायचं, आपण अंदाज बांधायचा नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेल्यांच्या बाबतीत तर आवळण्याचा भागच बहुधा गाळावा लागतो, कारण मुद्दाम आवळलेला स्नायू कधी कधी तसाच ताठून बसतो. त्यांना नुसतं ‘हात जड होतोय, गादीत रुततोय’ एवढं पुरतं.

पण तुमच्या खेळाडूकडे येऊ. त्याच्या मनाला हात घालण्याआधी एक काम करा. सरावात त्याची फेक बाजूनं, बैठकीच्या उंचीवर मोबाइल धरून चित्रित करा आणि हळू वेगानं बघा. फेकताना बूड उचललं जातंय का? बसून टाकायच्या प्रकारात मांडी आणि बैठकीचा टेका सुटला की फाऊल. सरावात कुणी लाल झेंडा घेऊन उभं नसतं, त्यामुळे नकळत खुबा उचलला जातो आणि फेक लांब पडते. स्पर्धेत पंच समोर वाकून बघत असतात. पहिली फेक फाऊल गेली की खेळाडू स्वतःला दाबून बसवतो, आणि दाबून बसवलेल्या शरीरातून गोळा जात नाही. बाहेरून दिसताना हे ‘दडपणाखाली ढेपाळला’ असंच दिसतं. माझ्याकडे ‘मानसिक अडचण’ म्हणून आलेल्या फेकपटूंपैकी काहींची अडचण हीच निघाली. त्यावर उपाय ध्यान नव्हे. सरावात झेंडा घेऊन एक माणूस उभा करा आणि फाऊल मोजा. महिनाभर फेका कमी पडतील, त्याचं वाईट वाटू देऊ नका. कदाचित त्याचे खरे दहा मीटर नऊच असतील, आणि लक्ष्य नऊवरून ठरवायला हवं.

दुसरं, पाणी. स्पर्धेच्या दिवशी तो किती पाणी पितो, हे विचारलंय का? एका स्पर्धेत माझ्याबरोबरची एक खेळाडू सकाळपासून चिडचिडी, डोकं दुखतंय म्हणे, हातात जोर नाही. कोचचं निदान: टेन्शन. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बाटली उघडलेलीसुद्धा नव्हती. कारण एवढंच, की मैदानावरच्या स्वच्छतागृहाचं दार तिच्या खुर्चीपेक्षा अरुंद होतं. एकदा जायचं म्हणजे दोघांनी उचलून न्यायचं, आणि तिला ते नको होतं. म्हणून ती आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडत होती. वर ऊन. पाठीच्या कण्याला दुखापत असेल तर दुखापतीच्या खाली घाम नीट येत नाही, शरीर तापतं. अशा वेळी मी तिला ‘सकारात्मक विचार कर’ म्हटलं असतं तर तिनं मला गोळाच मारला असता, आणि बरोबर केलं असतं. आता मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी टेप घेऊन दारं मोजते. यालाही मी मानसिक तयारीच म्हणते.

आता श्वास. तुम्ही खोल श्वास शिकवला असाल तो खुर्चीत निवांत बसवून. पण स्पर्धेत त्याच्या पोटावर, मांड्यांवर पट्टे आवळलेले असतात. पोट फुगवायला जागाच नाही. शिवाय दुखापत जितकी वर, तितके पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू कमी साथ देतात, त्यामुळे लांब मोजून श्वास सोडणं काहींना गुदमरल्यासारखं होतं. म्हणून श्वास शिकवायचा तो फ्रेमवर, पट्टे बांधून, गोळा मांडीवर ठेवून. दोन छोटे श्वास आणि एक सैल उच्छ्वास, खांदे खाली. बास.

मानेच्या पातळीवर दुखापत असलेल्यांत आणखी एक गंमत आहे. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसांशीच संपर्क तुटलेला असतो, त्यामुळे त्यांची धडधड जिवाच्या आकांतानं ढकललं तरी साधारण ११० ते १३०च्या पुढे जात नाही. त्यांना ‘छातीत धडधडतंय का’ विचारून उत्साह मोजता येत नाही. याच कारणानं काही खेळाडू पूर्वी एक भयंकर युक्ती करायचे: मूत्राशय तुंबवून ठेवायचं किंवा शरीराच्या बधिर भागाला मुद्दाम इजा करायची, म्हणजे रक्तदाब उसळतो आणि कामगिरी वाढते. याला बूस्टिंग म्हणतात. मेंदूत रक्तस्रावापर्यंत जाऊ शकणारा हा प्रकार आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनं १९९४ पासून बंद केलाय. एफ५५ मध्ये दुखापत बरीच खाली असते, म्हणून तुमच्या खेळाडूला हा प्रश्न बहुधा नाही, पण तुम्ही इतर गटांतली मुलंही घेत असाल तर कानावर असू द्या.

डोळे मिटून फेक आठवण्याबद्दल. एका माजी सैनिकाला मी म्हटलं, डोळे मिटा आणि फेक मोठ्यानं वर्णन करा. त्यांनी सुरुवात केली, “उजव्या पायावर वजन घेतलं, वळलो...” आणि तिथेच थांबले. उजवा पाय सहा वर्षांपूर्वी गेला होता. दिवसा फ्रेमवर सराव करणारा माणूस मनात मात्र जुन्याच शरीरानं खेळत होता. मोठेपणी अपघातानं किंवा लढाईत अपंगत्व आलेल्यांत हे अनेकदा दिसतं. लष्करातले गोळाफेकपटू होकाटो सेमा यांचंच बघा: २००२ मध्ये सुरुंगस्फोटात पाय गमावला, गोळा हाती आला तो पुण्यातल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून, वयाच्या बत्तिशीनंतर, आणि २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिंपिकला एफ५७ या बसूनच टाकायच्या गटात १४.६५ मीटरचं कांस्य. इतक्या उशिरा सुरू करणाऱ्याला नवं शरीर मनातही रुळवावं लागतं. तेव्हा तुमच्या खेळाडूला गादीवर आडवं पाडून कल्पना करायला सांगू नका. फ्रेमवर बसवा, पट्टे बांधा, बोटांवर खडू, हातात खरा गोळा, आणि त्याला तोंडानं सांगू दे काय जाणवतंय. वर्णनात पाय हलले की त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून.

कोच ज्या छोट्या सूचना देतात त्याही तपासा. तिरंदाज शीतल देवीला हात नाहीत, ती उजव्या पायानं धनुष्य पेलते. तिला ‘मूठ सैल सोड’ म्हणून काय उपयोग? जन्मांध खेळाडूला ‘डोळ्यांसमोर आण’ म्हणणंही तसंच. त्याच्यासाठी आवाज, पायाखालची जमीन, हातातली दोरी. धावपटू असेल तर त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाचा गाइडही सत्राला बसायलाच हवा, कारण त्याचं टेन्शन दोरीतून पोचतं.

आणि आता तुमच्या खेळाडूचा खरा पेच. उभं राहून टाकणाऱ्यांना दोन फेकींमध्ये वेळ मिळतो. सांगलीकडच्या सचिन खिलारीनं पॅरिसला एफ४६ या हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं, सोनं सहा सेंटिमीटरनं हुकलं. त्या गटात बाकीच्यांची पाळी होईपर्यंत बसायचं, विचार करायचा, पाणी प्यायचं. बसून टाकणाऱ्यांना आपल्या फेका सलग टाकाव्या लागतात, प्रत्येकीला जेमतेम मिनिट. पुस्तकातली ‘दोन प्रयत्नांमधली दिनचर्या’ इथे बसतच नाही. पहिली फेक बिघडली तर तिचं दुःख करायला वेळ नाही, आणि तिची चूक घेऊनच दुसरी जाते. म्हणून मिनिटाचंच वेळापत्रक बसवावं लागतं. आम्ही असं करतो: गोळा सुटला की निकालाच्या फलकाकडे बघायचं नाही, हात मांडीवर पुसायचा, एकच शब्द म्हणायचा (एका मुलीचा शब्द ‘कोपर’ आहे), श्वास, गोळा मानेला. फलक कोच बघेल. अंतर सगळं झाल्यावर. हे ऐकायला सोपं, पण फलकाकडे न बघायला आमच्या एका पोराला पाच महिने लागले. आठवड्यातून दोनदा तरी घड्याळ लावून सलग सहा टाकून घ्या. सरावात एक फेक, मग गप्पा, मग दुसरी, असं चालत असेल तर स्पर्धेत तो एक अनोळखी खेळ खेळतोय.

वर्गीकरणाबद्दल, म्हणजे कुणी कुठल्या गटात खेळायचं हे ठरवणाऱ्या तपासणीबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण त्याचा दर्जा अजून ‘रिव्ह्यू’ (गट पुन्हा तपासला जाणार) असेल तर हे आधी वाचायला हवं होतं. जरा विचार करा. स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी परीक्षकांसमोर बसायचं आणि काय करता येत नाही ते दाखवायचं. पाय उचल, नाही उचलत. वाक, नाही वाकत. आणि लगेच मैदानात येऊन काय करता येतं ते दाखवायचं. त्यात चांगली फेक गेली तर कुणीतरी हरकत घेईल, ही धास्ती. टोकियो पॅरालिंपिकमध्ये एका भारतीय थाळीफेकपटूचं कांस्य जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी गेलं, कारण तपासणीत तो त्या गटात बसेना. ही बातमी प्रत्येक पॅरा खेळाडूच्या डोक्यात कुठेतरी असते. काही जण, लबाडीनं नव्हे, नुसत्या भीतीनं, हात राखून टाकतात. त्याच्याशी याबद्दल थेट बोला. ‘तू पूर्ण ताकदीनं टाक, गटाचं काय ते कागदपत्रांसकट मी बघेन’ असं कोचनं एकदा स्पष्ट म्हटल्यावर खांदे खाली आलेले मी पाहिलेत. वर्गीकरण आणि स्पर्धा यांच्यामध्ये शक्यतो एक संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि त्या संध्याकाळी त्याला हलकेच आठ-दहा फेका टाकू द्या. कमजोरी मोजून घेऊन आलेल्या शरीराला आपली ताकद पुन्हा आठवावी लागते.

एक बोचरी गोष्ट, रागावू नका. तुमच्या प्रश्नात ‘एवढं सोसूनही तो हसतमुख असतो’ असं वाक्य आहे. सत्कार समारंभांत ठीक. पण मैदानावर त्याला ‘कोपर पडतोय’ हे ऐकायचं असतं, तेही इतर मुलांना सांगता त्याच आवाजात. कौतुकानं मऊ झालेली सूचना खेळाडूला लगेच कळते, आणि मग तो तुमच्या खऱ्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाही.

व्हिडिओ काढलात की कळवा. सोबत त्याची दुखापत नेमकी कुठल्या मणक्याला आहे, पट्टे कोण बांधतं आणि स्पर्धेत तोच माणूस असतो का, हेही लिहा. दुसऱ्याच कुणी बांधलेला पट्टा दोन बोटं सैल असला तरी फेक हातभर कमी पडते, आणि मग आपण बसतो त्याच्या मनात शोधत.