जुन्या ब्रिटिश सायफाय मालिकांच्या ब्लू-रेसाठी लोक वर्षानुवर्षं का थांबतात?

तुम्ही विचारलंय की डॉक्टर हू, ब्लेक्स सेव्हन असल्या बीबीसीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या मालिका मुळात व्हिडिओ टेपवर शूट झाल्या, मग त्यांची ब्लू-रे म्हणजे एचडी डिस्क काढून असा काय फरक पडणार, आणि तरी लोक पुढचा सेट कधी जाहीर होतोय म्हणून चातकासारखी वाट का बघतात. प्रश्न रास्त आहे आणि अर्धा मुद्दा तुमचा बरोबरच आहे. पण वाट बघण्याचं कारण त्या उरलेल्या अर्ध्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलीही जुनी ब्रिटिश मालिका समोर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा की ही फिल्मवर आहे की टेपवर. बाकी सगळं त्यावरून ठरतं. थंडरबर्ड्स, द प्रिझनर, यूएफओ, स्पेस १९९९ या सगळ्या लू ग्रेडच्या आयटीसी कंपनीच्या मालिका, आणि त्या अमेरिकेला विकायच्या होत्या म्हणून सरळ ३५ एमएम फिल्मवर शूट केल्या, सिनेमासारख्या. थंडरबर्ड्स ही बाहुल्यांची मालिका १९६५ साली आली तेव्हा ब्रिटनमध्ये लोकांनी ती ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितली, कारण आयटीव्ही या खाजगी वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १९६९ च्या नोव्हेंबरात, पण निगेटिव्ह मात्र पहिल्या दिवसापासून रंगीत होती. धंद्यासाठी घेतलेला तो निर्णय आज आपल्या पथ्यावर पडलाय. त्या निगेटिव्हमध्ये एचडीला पुरून उरेल इतका तपशील आहे, फक्त नीट स्कॅन करायला हवी. थंडरबर्ड्सचं शूटिंग लंडनजवळच्या स्लाव गावातल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत व्हायचं (आज तिथे आपली भारतीय मंडळी भरपूर आहेत), आणि चांगल्या एचडी प्रतीत त्या छोट्या मॉडेल्सवर मुद्दाम फासलेली धूळ, काजळी, रंगाचे उडालेले टवके सगळं दिसतं. बाहुल्यांच्या तारा दिसतात, होय, पण मला तर त्याने जास्तच मजा येते, कारण कुणीतरी वर उभं राहून हे हाताने चालवत होतं हे कळतं.

बीबीसीचं तसं नव्हतं. तिथे स्टुडिओत तीन-चार इलेक्ट्रॉनिक कॅमेरे लावून थेट टेपवर रेकॉर्ड करायचे, ६२५ लाइन्सची सिस्टीम, त्यातल्या चित्राच्या ५७६. आणि स्टुडिओबाहेरचं शूटिंग असेल तर बहुतेक वेळा १६ एमएम फिल्मवर. म्हणून जुन्या डॉक्टर हूमध्ये माणसं खोलीत असतात तेव्हा चित्र गुळगुळीत, सरकतं असं दिसतं आणि दार उघडून दगडाच्या खाणीत आली की एकदम दाणेदार, सिनेमासारखं. ५७६ लाइन्सच्या टेपमधून एचडीच्या १०८० लाइन्सचा खरा तपशील कुणी काढू शकत नाही, जे नोंदवलंच नाही ते येणार कुठून. तुमचा अर्धा मुद्दा बरोबर म्हटलं तो हा. पण फिल्मवरचे तुकडे, जिथे त्यांचे मूळ रोल शिल्लक आहेत तिथे, नव्याने स्कॅन करता येतात आणि तेवढा भाग खरोखरच उजळून निघतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे स्पिअरहेड फ्रॉम स्पेस. डॉक्टरच्या भूमिकेतली जॉन पर्टवीची पहिली कथा, जानेवारी १९७० ची, आणि डॉक्टर हू रंगीत झाली ती इथपासून. ऐन वेळी बीबीसीच्या स्टुडिओत संप झाला, स्टुडिओ मिळेना, म्हणून सगळी कथा बाहेर, इव्हशॅमजवळ वुड नॉर्टनला बीबीसीचं ट्रेनिंग सेंटर होतं तिथे वगैरे, पूर्णपणे १६ एमएम फिल्मवर केली. १९६३ ते १९८९ या २६ सीझनमध्ये अशी पूर्ण फिल्मवरची ही एकच. २०१३ मध्ये तिची ब्लू-रे आली आणि ती अस्सल एचडी आहे. तुम्ही ती लावून बघा. शॉवरच्या सीनमध्ये पर्टवीच्या हातावर नेव्हीत असताना गोंदवलेला टॅटू स्पष्ट दिसतो, दुकानाच्या काचेतले पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर उतरतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरची ती प्लास्टिकची चकाकी दिसते, आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचा लंडनचा सकाळचा थंड उजेड असा काही येतो की बघत राहावं. एका संपामुळे हे आपल्याला मिळालं.

मग बाकीच्या टेपवरच्या कथांसाठी कशाला थांबायचं? एक तर साधं तांत्रिक कारण आहे. डीव्हीडीवर जास्तीत जास्त साडेआठ जीबी, ब्लू-रेवर पन्नास, त्यामुळे तेच चित्र कमी दाबून, जवळजवळ मूळ टेपच्या दर्जाने ठेवता येतं, अंधाऱ्या सीनमधले ते चौकोनी ठोकळे जातात. पण खरं कारण हे आहे की दर सेटच्या निमित्ताने कुणीतरी पुन्हा मुळापर्यंत जातं. पीटर क्रॉकर चित्रावर आणि मार्क एअर्स आवाजावर कितीतरी वर्षं हे काम करतायत आणि फॅन लोक या दोघांची नावं ॲक्टरांइतक्याच आदराने घेतात. मला वाटतं ते योग्यच आहे.

ते काय करतात ते कळायला आधी काय बिघडलंय ते कळायला पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकात टेप महाग होती आणि करारांमुळे कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवायलाही मर्यादा होत्या, म्हणून बीबीसीने जुन्या टेप पुसून परत वापरल्या, अगदी १९७८ पर्यंत हे चालू होतं. जे वाचलं ते बरंचसं परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतींमुळे, म्हणजे मॉनिटरवर कार्यक्रम लावायचा आणि फिल्म कॅमेऱ्याने तो मॉनिटर शूट करायचा. डॉक्टर हूचे नव्वदहून जास्त भाग आजही गायब आहेत, चौथ्या सीझनमधली तर एकही कथा पूर्ण शिल्लक नाही. आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण त्या काळी घरोघरी मुलं टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड करायची! अधूनमधून काहीतरी सापडतं. द टूम ऑफ द सायबरमेन १९९२ च्या सुमारास हाँगकाँगहून परत आली, २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ हरवलेले भाग मिळाले.

आता पर्टवीच्या काळातले काही रंगीत भाग असे आहेत की टेप पुसली गेली आणि उरली फक्त ब्लॅक अँड व्हाइट फिल्म प्रत. त्यात रंग परत कसे आणले हे ऐकलं तेव्हा मी थक्क झालो होतो. फिल्म कॅमेरा मॉनिटरचं चित्र टिपत होता तेव्हा कलर सिग्नलची अतिशय बारीक ठिपक्यांची जाळीही चित्रासोबत फिल्मवर उमटली होती, कुणी ती गाळून टाकली नव्हती. ती ठिपक्यांची जाळी कॉम्प्युटरने वाचायची आणि त्यावरून मूळ रंग काढायचे. म्हणजे अंदाजाने रंगवलेलं नाही, त्या दिवशी स्टुडिओत जो हिरवा कोट होता तोच हिरवा. द माइंड ऑफ ईव्हिल या कथेचे सहापैकी पाच भाग या पद्धतीने रंगीत झाले. पहिल्या भागात ते ठिपकेच नीट उमटले नव्हते म्हणून तो माणसाने हाताने फ्रेम फ्रेम करून रंगवला. आणि फिल्म प्रतीमुळे गेलेली ती व्हिडिओची सरकती हालचाल, सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रांची, तीही परत आणायची पद्धत आहे. अशी मेहनत असते म्हणून सेटला वेळ लागतो, आणि ती माहीत असल्यामुळेच लोक कुरकुर न करता थांबतात, म्हणजे कुरकुर करतात पण थांबतात.

द कलेक्शन नावाने डॉक्टर हूच्या एकेका सीझनचे हे सेट २०१८ पासून येतायत आणि ते क्रमाने येत नाहीत, आधी १२ वा आला, मग १९, १८, १०, २३, असं कुठूनही. त्यामुळे पुढचा कुठला यावर जी चर्चा रंगते ती विचारू नका. जाहीर करताना नुसती जाहिरात न करता छोटी फिल्मच बनवतात, जुन्या पात्राचं पुढे काय झालं ते दाखवणारी, अभिनेत्री केटी मॅनिंग सत्तरी ओलांडून पुन्हा ‘जो’ या आपल्या पात्राच्या रूपात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, सोफी आल्ड्रेड ‘एस’ या पात्राच्या रूपात आली. सेटवर त्या त्या वेळचे कलाकार सोफ्यावर बसून आपलंच जुनं काम बघतात आणि बोलतात. १२ व्या सीझनवर मॅथ्यू स्वीटने घेतलेली, त्या सीझनमध्ये डॉक्टर झालेल्या टॉम बेकरची मोठी मुलाखत आहे, ती मी मालिकेइतकीच आवडीने बघतो. दहाव्या सीझनवर लेनी मेनवर एक डॉक्युमेंटरी आहे, द थ्री डॉक्टर्स या कथेचा दिग्दर्शक, १९७७ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला, आणि त्याच्याबद्दल धड माहितीही कुणाकडे नव्हती, तर माणसं शोधून शोधून ती गोळा केलीय. हे काम आत्ताच होऊ शकतं. एलिझाबेथ स्लेडन आणि निकोलस कोर्टनी हे मालिकेतले कलाकार दोघंही २०११ मध्ये गेले, हे सेट सुरू होण्याच्या आधीच. त्यामुळे पुढचा सेट लवकर यावा असं वाटतं ते काही नुसत्या हौसेपोटी नाही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६१ साली बीबीसीवर ए फॉर अँड्रोमेडा नावाची सात भागांची मालिका आली, अंतराळातून आलेल्या संदेशावरून कॉम्प्युटर बांधतात अशी कथा, अभिनेत्री ज्युली ख्रिस्ती होती त्यात. ती लिहिली होती जॉन एलियट आणि केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, आणि त्या वेळी नारळीकर त्यांच्याच हाताखाली पीएचडी करत होते! त्या सातपैकी आज फक्त सहावा भाग पूर्ण आहे, बाकी नुसते काही तुकडे. पुढे मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्या माणसाच्या गुरूने लिहिलेली मालिका, आणि ती सलग बघायची सोय नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. कुठल्या तरी तळघरात, कुठल्या तरी देशात तिचे डबे असतील अशी आशा मी सोडलेली नाही.

स्ट्रीमिंग आहे ना, असंही तुम्ही म्हणालात. बीबीसीची स्ट्रीमिंग सेवा आयप्लेअर, पण ती ब्रिटनपुरती आहे, आणि तिथेही २०२३ मध्ये जुनी डॉक्टर हू जवळजवळ सगळी आली तेव्हा नेमकी पहिलीच कथा नव्हती, मूळ लेखकाच्या वारसांशी हक्कांवरून मिटलं नाही म्हणून. ती कथा दिग्दर्शित केली होती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, तेव्हा ते पंचविशीत होते. हक्क असे कधीही आडवे येतात. घरातली डिस्क मात्र कुणी काढून नेत नाही. अर्थात डिस्कही कायम मिळत राहील असं नाही. द प्रिझनर, स्पेस १९९९, यूएफओ, १९७९ ची क्वाटरमास या सगळ्यांच्या सुंदर ब्लू-रे ज्या नेटवर्क कंपनीने काढल्या ती २०२३ मध्ये बंद पडली, आणि त्यांची बरीच टायटल्स एकदम दुर्मीळ झाली. ब्लेक्स सेव्हनसाठी लोक कितीतरी वर्षं थांबले होते, २०२४ मध्ये पहिली सीरिज आली, त्यात हवं तर जुने इफेक्ट्स, हवं तर नवे केलेले, असा पर्याय आहे. मी जुनेच लावतो.

एक मात्र लक्षात ठेवा, नवीन म्हणजे एचडी असं नाही. २००५ ला डॉक्टर हू परत आली ती २००८ पर्यंत साध्या एसडीवर, म्हणजे एचडीहून कमी तपशिलाच्या चित्रावर होती, एचडी सुरू झालं २००९ च्या ईस्टरच्या भागापासून, तर तिच्याच पोटातून निघालेली टॉर्चवुड २००६ पासून एचडी. डॉक्टर हूचा १९९६ चा टीव्ही सिनेमा ३५ एमएमवर शूट झाला पण एडिटिंग व्हिडिओवर, म्हणून त्याची २०१६ ची ब्लू-रेसुद्धा एसडीवरून वाढवलेल्या चित्राचीच होती. रेड ड्वार्फ या विनोदी सायफाय मालिकेच्या पहिल्या आठ सीरिजही तशाच. कव्हरवर ब्लू-रे लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

तुम्ही पुण्यात आहात आणि मागवायचा विचार आहे म्हणालात, तर आधी प्लेअर बघा. ब्लू-रेला भारत रीजन सी मध्ये येतो आणि ब्रिटन बी मध्ये, त्यामुळे तिकडची डिस्क इकडच्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, मल्टिरीजन प्लेअर लागतो. फोर-के डिस्कना रीजन नसतो. ब्रिटिश टीव्हीच्या ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांची, अडचण अमेरिकेतल्या लोकांना येते, आपल्याकडे टीव्ही पहिल्यापासून त्याच पद्धतीचे, त्यामुळे आपल्याला ती नाही. लिमिटेड एडिशनचे मोठे डबे संपले की रीसेलवाले दुप्पट-तिप्पट किंमत लावतात, त्यांच्या नादी लागू नका, बऱ्याच सीझनचे नंतर साध्या पॅकिंगमध्ये तेच डिस्क स्वस्तात येतात. माझी बहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, ती येताना बॅगेत आणते, तसं कुणी असेल तर उत्तमच. पहिली खरेदी स्पिअरहेड करा, दुसरी १२ वा सीझन, आणि द प्रिझनरची जुनी नेटवर्कवाली प्रत कुठे रास्त किमतीत दिसली तर तिसरी ती.