घरच्या घरी आर्केड खेळपेटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि आखाजीला बहिणींची मुले आमच्याकडे राहायला येतात. त्यांच्यासाठी जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तशी जॉयस्टिक आणि गोल बटणांची पेटी बनवण्याचा विचार आहे. ती उचलून कोणत्याही खोलीत नेता यावी. आतमध्येच रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, स्पीकर आणि बॅटरी बसवावी असे वाटते. सुतारकाम बऱ्यापैकी येते. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: पेटी जरूर बनवा, मात्र तिच्यात संगणक बसवू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. पेटीत जॉयस्टिक, बटणे आणि एक यूएसबी एन्कोडर बोर्ड (बटण दाबल्याचा संदेश संगणकाला पोहोचवणारी छोटी पट्टी) एवढेच असावे. खेळ चालवणारे यंत्र, मग तो रास्पबेरी पाय असो की कपाटावर पडून राहिलेला जुना लॅपटॉप, बाहेर टीव्हीजवळ मोकळ्या हवेत राहू द्यावे. याचे पहिले कारण आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि बंद लाकडी पेटीतली हवा त्याहूनही तापते. रास्पबेरी पाय 4 च्या प्रोसेसरचे तापमान 80 अंशांपलीकडे गेले की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि मग ऐन रंगात आलेला खेळ अडखळू लागतो. दुसरे कारण विजेचे. या यंत्राला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा पुरवठा लागतो, म्हणजे मोठी बॅटरी, तिचे चार्जिंग आणि तिची उष्णता असा पसारा ओघाने आलाच. शिवाय चालू असताना वीज अचानक तुटली, तर मेमरी कार्डावरील माहिती बिघडण्याची भीती असते. एन्कोडर बोर्डाला मात्र इतकी थोडी वीज लागते की ती यूएसबी पोर्टातूनच भागते, त्यामुळे पेटीला बॅटरीची गरजच उरत नाही. आवाजासाठी टीव्हीचे स्पीकर आहेतच.

आता मापे. एका खेळाडूसाठी साधारण 40 सेंमी लांब, 25 सेंमी रुंद आणि 8 ते 10 सेंमी उंच पेटी पुरते. ती मांडीवरही बसते. दोघांसाठी एकच लांब पेटी करण्याचा मोह होतो, पण ती उचलायला अवजड होते आणि दोन्ही भावंडांची कोपरे एकमेकांना लागतात, म्हणून दोन वेगळ्या पेट्या बऱ्या. बटणे किती हवीत हे कोणते खेळ खेळायचे त्यावर ठरते: 1980 च्या पॅक-मॅनला जॉयस्टिकशिवाय काही लागत नाही, तर 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 ला तीन ठोशांची आणि तीन लाथांची मिळून सहा बटणे लागतात. सहा बटणे आणि वरच्या कडेला स्टार्ट व कॉइन अशी दोन लहान बटणे ठेवली की बहुतेक जुने खेळ निभावतात.

छिद्रे पाडण्यापूर्वी बटणे हातात आलेली असावीत. जपानी पद्धतीच्या मोठ्या बटणांना 30 मिमी आणि लहानांना 24 मिमी छिद्र लागते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त बटणांना मात्र 28 मिमी पुरते, आणि दोन मिलिमीटरच्या फरकाने अख्खी फळी वाया जाते. नुसती दाबून बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी किंवा अॅक्रिलिकसाठी असतात. प्लायसाठी मागून नट आवळायची बटणे मागवावीत. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यबिंदूंमध्ये सुमारे 36 मिमी अंतर ठेवा. एकदा पुठ्ठ्यावर छिद्रे कापून, त्यात बटणे खोचून, घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या हाताला ती कशी पडतात हे पाहावे, कारण हाताच्या बोटांची टोके सरळ ओळीत नसतात आणि म्हणूनच बटणांची रांगही किंचित कमानीसारखी असावी लागते.

वरच्या फळीला 12 मिमी प्लाय चांगला. एमडीएफ कापायला सोपा असला तरी पावसाळ्यात ओल धरून कडेने फुगतो. सनमायका लावायचा असेल तर आधी लावा आणि छिद्रे नंतर पाडा. त्या जागी चिकटपट्टी लावून, होल कटरने वरून सुरुवात करावी, मधला ड्रिल खालून डोकावला की फळी उलटून उरलेले छिद्र मागच्या बाजूने पाडावे, म्हणजे कडेच्या कपच्या उडत नाहीत. जॉयस्टिकची एक अडचण नेहमी उशिरा लक्षात येते: तिच्या दांड्याची लांबी ठरलेली असते, त्यामुळे पूर्ण 12 मिमी फळीखाली ती बसवली की वरचा गोळा फळीला टेकायला येतो. तिच्या जागी मागून खाच मारून फळी निम्म्या जाडीची करावी. हे काम पटाशीने सावकाश होते. जवळच्या सुताराकडे राउटर (लाकडात खाच मारायचे यंत्र) असेल तर लगेच होते. तळाची फळी चिकटवू नका, स्क्रूने बसवा, आणि तिला रबरी पाय लावा.

प्रश्न: घरी एक बंद पडलेला की-बोर्ड आहे. एन्कोडर विकत न घेता त्यातलाच सर्किट बोर्ड पेटीत वापरता येईल का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर: येईल, पण एका मर्यादेत. साध्या की-बोर्डमधील कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर मांडलेल्या असतात, प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. त्यामुळे जाळीवरील एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या, की चौथी न दाबलेली कळही दाबल्यासारखी भासते, किंवा ती चूक टाळण्यासाठी की-बोर्ड तिसरी कळच नाकारतो. वर-उजवीकडे उडी मारून गोळी झाडणे म्हणजे नेमक्या तीन कळा, म्हणजे अडचण ऐन मोक्याच्या क्षणी येणार. शिवाय त्या बारीक पट्ट्यांवर टिकाऊ डाग देणे (सोल्डरिंग) हे नवशिक्याचे काम नव्हे. एन्कोडर बोर्डात प्रत्येक बटणाला आपापली जागा असते आणि तारा टोचून बसवायच्या असतात, तो मागवावा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करायला हरकत नाही, पण हा माल बहुधा ऑनलाइनच मिळतो.

प्रश्न: पेटी तयार झाली, परंतु जॉयस्टिक वर केली की खेळाडू खाली जातो. बटण दाबल्यावर उडीही किंचित उशिरा होते. बोर्ड बदलावा का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर: बोर्ड बदलण्याची घाई करू नका. पेटी उलटी करून, तळाची फळी काढून, जॉयस्टिक सावकाश हलवून पाहा. दांडा मध्यावर टेकून झुलतो, म्हणून वर ढकलल्यावर त्याचे खालचे टोक विरुद्ध बाजूला जाते आणि तुमच्या पोटाकडचा मायक्रोस्विच (दांड्याने दाबला जाणारा छोटा स्विच) ‘टक्’ करतो. म्हणजेच ‘वर’ची तार खेळाडूकडच्या स्विचला लागते, आणि डावे-उजवेही याच न्यायाने. तारांच्या जोड्या आपसांत बदला. काही जॉयस्टिकमध्ये एकच पाच तारांची पट्टी असते. तिथे जॉयस्टिकच अर्धी फिरवून बसवली की काम होते. स्विचला तीन पाय असतील तर ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ हे दोनच वापरायचे. तिसऱ्यावर तार गेली तर बटण न दाबताच दाबलेले राहते.

उशिराचा दोष बहुतेक वेळा पेटीचा नसून टीव्हीचा असतो. चित्र सुबक दिसावे म्हणून टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. हे जुने खेळ सेकंदाला सुमारे 60 चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राला 17 मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो, त्यामुळे पाच-सहा चित्रांचा उशीर बोटांना लगेच जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमधील गेम मोड चालू करा. तरीही फरक पडला नाही, तर पेटी संगणकाच्या साध्या मॉनिटरला जोडलेल्या यंत्रावर तपासा.

प्रश्न: खेळ कोठून घ्यावेत? सर्व खेळ भरलेले कार्ड विकत मिळते असे ऐकले.
— एक वाचक, पाचोरा

उत्तर: अशी कार्डे मिळतात, पण त्यांतील बहुतेक खेळांवर मूळ कंपन्यांचे हक्क अजून कायम आहेत आणि विकणाऱ्याकडे त्यांचा परवाना नसतो. जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या, 1997 पासून चालू असलेल्या मामे या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर हक्कधारकांनी विनाव्यापारी वापरासाठी मोकळे केलेले मोजके आर्केड खेळ आहेत. पेटी तपासायला ते पुरेसे होतात. पुढे जुन्या खेळांचे अधिकृत संच अनेकदा सवलतीत मिळतात, ते घ्यावेत. यूएसबी पेटी बहुतेक अशा खेळांमध्ये गेमपॅड म्हणून चालते.

प्रश्न: मला पेटी घेऊन महिन्यातून एकदा शहाद्याहून नंदुरबारला भावाकडे जायचे असते. एसटीच्या धक्क्यांत ती टिकेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर: टिकेल. यूएसबीची तार पेटीतून थेट बाहेर काढू नका. मागच्या फळीवर सॉकेट बसवा आणि तार वेगळी ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी बोर्डावरचा सांधा उखडत नाही. आतल्या तारा दोन-तीन ठिकाणी बांधून फळीला धरून ठेवाव्यात. बटणांच्या पायांवर खोचलेल्या तारांच्या टोप्या सैल वाटल्या तर पक्कडीने हलके दाबून घ्याव्यात, कारण प्रवासात सर्वांत आधी त्याच निसटतात. जॉयस्टिकचा गोळा आट्यांवर असतो. दांड्याच्या खालच्या टोकाला चीर असल्यास त्यात सपाट पेचकस अडकवून दांडा धरावा आणि गोळा फिरवून काढावा. तसे केले की पेटी सपाट होते आणि साध्या लॅपटॉपच्या पिशवीतही मावू शकते. दोन पेट्या नेत असाल तर त्यांवर 1 आणि 2 असे आकडे रंगवून ठेवा आणि दर वेळी त्याच पोर्टांत जोडा. एकसारखे दोन बोर्ड असले की संगणक पहिला खेळाडू कोण हे पोर्टावरून ठरवतो, आणि तेवढ्यावरून मुलांची भांडणे होतात.