ग्रिफिनच्या छातीतली तीन चाकं

प्रिय,

तुझी तिन्ही आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं, म्हणजे अदलाबदलीसाठी हाताने केलेली छोटी चित्रकार्डं, पोचली. ग्रिफिनच्या, त्या गरुडाचं डोकं नि सिंहाचं धड असलेल्या प्राण्याच्या, चोचीवरचा पितळी रंग काय सुरेख उतरलाय! कडांना जो हिरवट गंज दाखवला आहेस, तो बघून मी नकळत नखाने खरवडून पाहिलं.

आता त्याच्या छातीतली चाकं बघ. तिन्ही एकमेकांत अडकवली आहेस. दात जुळलेली दोन चाकं उलट दिशांना फिरतात; तिसरं दोघांनाही भिडलं की सगळंच जाम. मग हा ग्रिफिन उडणार कसा? स्टीमपंकमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पनारम्य शैलीत, इथेच घोडं पेंड खातं. जुन्या घड्याळाची चाकं जागा मिळेल तिथे चिकटवली की झालं, असं वाटतं. सुरुवातीला मीही तेच करायचो. माझी जलपरी तर घड्याळ्याच्या कचरापेटीत पडल्यासारखी दिसत होती.

तेव्हा आधी कच्च्या कागदावर ठरव: वाफ कुठे तयार होते, कुठल्या नळीतून जाते, कशाला ढकलते. ड्रॅगनचं सोपं आहे, पोटात भट्टी आयतीच. राखेतून पुन्हा जन्मणारा फीनिक्स पक्षी अवघड, कारण त्याला इंधन म्हणून स्वतःलाच जाळायचंय. ते जमलं तर मला आधी दाखव.

आणि टॅलोसची गोष्ट वाच. ग्रीक पुराणकथांतला, क्रीट बेटाची राखण करणारा ब्राँझचा महाकाय पहारेकरी. मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि तिच्या टोकाला बूच म्हणून ब्राँझचा खिळा. एका कथेत मीडिया नावाची जादूगारीण तो खिळा उपसते, अंगातला द्रव वाहून जातो आणि तो कोसळतो. ‘स्टीमपंक’ हा शब्द १९८७ चा. यंत्रासारख्या जिवाची ही कल्पना त्याहून दोन हजार वर्षं तरी जुनी. सगळं यंत्र एका खिळ्यावर उभं आहे, कार्डाला आणखी काय हवं?

माप मात्र पाळ. ६४ बाय ८९ मिलिमीटर, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच. तुझं एक कार्ड दोन मिलिमीटर जास्त भरलं, नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिक पानात शिरेना. ए-फोर कागदातून नऊ कार्डं निघतात, आखून काप. धातूचे तुकडे लावलेस तर पाकिटात दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाल, नाहीतर शेजारचं कार्ड ओरबाडलं जातं. मागे नाव, शीर्षक, तारीख. मालिका असेल तर क्रमांकही.

‘मी एवढे तास घातले आणि समोरून असलं घाईतलं कार्ड आलं’ ही तुझी तक्रार वाचली. १९९७ मध्ये झुरिकला स्विस कलाकार स्टिर्नेमान यांनी ही कार्डं सुरू केली तेव्हापासून ती विकायची नाहीत, फक्त अदलाबदल करायची, असाच रिवाज आहे. तासांचा हिशेब त्यात बसत नाही. फार जीव अडकलेलं कार्ड असेल तर ते देऊच नकोस, त्यात गैर काही नाही.

ग्रिफिन परत पाठवतोय. एक चाक काढ आणि पुन्हा धाड. बदल्यात माझा क्राकेन, तो सोंडांचा समुद्री राक्षस, तुझा. त्याच्या आठव्या सोंडेची झडप तेवढी रंगवायची राहिलीय.

तुझा,
जुना कार्डवाला