मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि किती तास लागतात?

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमानाने जाताना 16 तासांच्या आसपास, येताना साधारण 14. झालं उत्तर.

पण असला प्रश्न दिसला की मला दादा आठवतो. तो न्यूयॉर्कला लागून न्यू जर्सीला, मी कुडाळजवळ गावी. 2022 च्या गणपतीला आला, तोही चतुर्थीच्या आदल्या रात्री. मुंबईपासून जेमतेम पाचशे किलोमीटर, पण सगळे चाकरमानी एकाच वेळी रस्त्यावर, त्यात माणगावातच चार तास गेले. खळ्यात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "चौदा तासांत अर्धा जग पालथा घातलंय, आणि तुमच्या गावाक येवक सतरा तास!"

तुमच्या गावाक. आमच्या नाही.

मी म्हटलं, पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, अर्धं कसलं, तिसरा हिस्साही नाही. मग तो पेटला. म्हणे येताना दोन तास वाचतात ते पृथ्वी फिरते म्हणून. अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरते! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, तो येताना पाठीवर आणि जाताना तोंडावर. होडी वल्हवणाऱ्या कुणालाही विचारा.

नकाशावरून तर रात्री अकरापर्यंत चाललं. दादा म्हणे मुंबईतून पश्चिमेला सरळ रेघ मारली की न्यूयॉर्क, विमानवाले उगाच उत्तरेला फिरवतात. शेवटी माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला, बांधायचा असोला, न सोललेला नारळ घेतला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. पानाच्या डब्यातल्या चुन्याचे दोन ठिपके दिले, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि सुतळी ताणली. ती आपोआप देठाकडे सरकली. नारळ काही गरगरीत गोल नसतो, पण कळायला तेवढं पुरे. सगळ्यात जवळची वाट स्कँडिनेव्हियाच्या बाजूने वर जाते, ती अशी.

तुमचं कोणी तिकडे असेल तर तास विचारत बसू नका, येण्याची तारीख विचारा. आई आजारी होती तेव्हाही आम्हाला "लांब पडता" हेच ऐकायला मिळालं. तेव्हाही अंतर एवढंच होतं.

हां, वर दिलेले तास थेट विमानाचे. मध्ये विमान बदललं तर वीसच्या वर धरा. वारा आणि बंद असलेली हवाई हद्द यांवरही फरक पडतो. आणि घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे, म्हणजे रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी पोचल्यासारखं वाटतं. फसू नका. कोकणात यायचं असेल तर 2023 पासून गोव्यातला मोपा विमानतळ आहे, मुंबईहून विमान बदलून या. दादाला हे तीनदा कळवलंय.

तो नारळ दादानेच माटवीला बांधला. विसर्जनापर्यंत चुन्याचे ठिपके तसेच दिसत होते, पण "तुझा बरोबर" एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.