एअरोस्पेसच्या फीसाठी कुळागर गहाण ठेवू नका

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा वाळपईला अकरावी सायन्सला आहे. एका तिन्हीसांजेला अंगणातून त्याला आकाशात दिव्यांची माळ सरकताना दिसली. ते स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्स या अमेरिकी रॉकेट कंपनीचे इंटरनेट देणारे उपग्रह होते हे त्यानं शोधून काढलं, आणि तेव्हापासून त्याचं एकच चाललंय की रॉकेटचंच शिकणार आणि स्पेसएक्समध्ये जाणार. गोव्याबाहेरच्या एका खाजगी कॉलेजाचं एअरोस्पेसचं माहितीपत्रकही त्यानं आणलंय. चार वर्षांचा खर्च भागवायचा तर कुळागरावर, म्हणजे माड-पोफळीच्या बागेवर, कर्ज काढावं लागेल. वडील विचारतात, काढू का? आईचा प्रश्न वेगळा आहे. एकुलता एक मुलगा, हे शिकून तो गोव्यात राहील का?

सप्रेम नमस्कार.

कर्ज काढू नका. मुलाची ओढ खरी आहे आणि दिशाही बरोबर आहे. चुकतंय ते फक्त डिग्रीचं नाव. हे त्याला पटायला हवं, म्हणून त्यानं पाहिलेल्या माळेपासूनच सुरुवात करते.

स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये एकाच रॉकेटनं वर गेले. उड्डाणानंतरचे काही दिवस ते एकमेकांजवळ असतात, म्हणून माळ दिसते. पुढे ते पांगतात आणि साधारण ५५० किलोमीटर उंचीवर फिरत राहतात. इंटरनेट देणारे जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी उभे असल्यासारखे दिसतात. तिथवर प्रश्न जाणार, खाली उतरणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार, यात प्रकाशाच्या वेगानंही जवळपास अर्धा सेकंद जातो. ५५० किलोमीटरवर हाच प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत होतो. पण खालचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं पळतो. आपल्या डोक्यावरून तो काही मिनिटांत निघून जातो आणि लगेच दुसरा यावा लागतो. त्यामुळे उपग्रह हजारांनी लागतात. त्यातून एकेकाचं आयुष्य पाचेक वर्षांचं, म्हणजे ही पेरणी कधी संपतच नाही. प्रत्येक वेळी नवं रॉकेट समुद्रात फेकून हे परवडणारं नव्हतं. रॉकेट परत आणण्याचा आटापिटा या हिशेबात बसतो.

आता ते परत कसं येतं ते बघा, कारण शाखेचं उत्तर तिथेच आहे. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ या रॉकेटच्या खालच्या टप्प्यात नऊ इंजिनं असतात. अडीच मिनिटांत त्याचं काम संपतं, वरचा टप्पा उपग्रह घेऊन पुढे जातो आणि हा खाली वळतो. शेवटी एक इंजिन पेटतं. पण टाकी जवळजवळ रिकामी झालेली असते, आणि ते एक इंजिन कितीही मंद केलं तरी त्याचा जोर उरलेल्या रॉकेटच्या वजनापेक्षा जास्तच असतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं हवेत थांबून, अंदाज घेऊन उतरण्याची सोय नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि पाय टेकण्याचा क्षण एकच असावा लागतो. इंजिन जरा लवकर पेटलं तर रॉकेट वरच थांबून पुन्हा उठू लागेल, जरा उशिरा पेटलं तर आपटेल. डिसेंबर २०१५ मध्ये हे पहिल्यांदा जमलं, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आज एकाच टप्प्यानं ३० हून जास्त उड्डाणं केल्याचं उदाहरण आहे.

या कामात माणसं कोण कोण लागली? इंजिनाची उष्णता आणि धातूचा थकवा पाहणारे मेकॅनिकल आणि मटेरियल्सवाले. वेग, उंची, वारा मोजून क्षणाक्षणाला निर्णय घेणारी प्रणाली लिहिणारे कंट्रोल आणि कॉम्प्युटरवाले. आणि उपग्रहापाशी आलात की बहुतेक खेळ इलेक्ट्रॉनिक्सचा: न हलता आपला झोत वळवणारे अँटेना, जमिनीवरची केंद्रं, उपग्रहांमधले लेझरचे दुवे. एअरोस्पेसवालेही असतातच, पण मोठ्या पंगतीतलं ते एक पान आहे. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदांच्या जाहिराती काढून बघा. प्रामुख्यानं मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स, आणि पदवीला किमान ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए.

एअरोस्पेस शिकूच नये असं मी म्हणत नाही. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था, किंवा मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर इथल्या आयआयटी मिळाल्या तर डोळे मिटून पाठवा. तिथला रस्ता जेईई ॲडव्हान्स्डमधून जातो. माझा आक्षेप आहे तो माहितीपत्रकावर रॉकेट छापणाऱ्या आणि आत प्रयोगशाळा नसणाऱ्या कॉलेजांना.

हा आक्षेप मी अनुभवातून घेते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मीच अशा कॉलेजात जा म्हणाले होते. विंड टनेल, म्हणजे वाऱ्याच्या झोतात नमुने तपासण्याची सोय, आहे असं तिथं सांगितलं होतं. ती होती, पण चार वर्षांत दोनदा उघडली. शिकवणारे दर सहामाहीला बदलले. शेवटी त्यानं स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकून नोकरी धरली. तो मला कधी काही बोलला नाही, पण त्याच्या वडिलांनी फेडलेले हप्ते माझ्या मनातून गेलेले नाहीत. म्हणून तुम्ही विचारलेल्या कॉलेजात कधी गेलातच तर प्रयोगशाळा चालू स्थितीत दाखवा म्हणा, त्या शाखेला एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का विचारा, आणि मागच्या दोन बॅचची मुलं नेमकी कुठे आणि कोणत्या कामावर लागली ते तिथल्या मुलांकडूनच ऐका, ऑफिसातून नको.

घराजवळ काय आहे? फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचं. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन तिथं मन लावून केलं तर या क्षेत्राचं दार बंद होत नाही. कुंकळ्ळीच्या एनआयटीत गोव्यातल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, त्यासाठी जेईई मेन मनावर घ्यायला हवी. बारावीचं गणित जड गेलं तरी घाबरू नका. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि इस्रो डिप्लोमावाल्यांना तांत्रिक सहाय्यक, तर आयटीआयवाल्यांना तंत्रज्ञ म्हणून घेते. रॉकेटचा जोड ज्याच्या हातानं बसतो तो माणूसही त्या उड्डाणाचाच असतो. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत किनेको ही कंपनी आहे, ती कंपोझिटचे, म्हणजे तंतू आणि राळ मिळून केलेल्या हलक्या-मजबूत साहित्याचे, भाग बनवते, अंतराळ क्षेत्रासाठीसुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना तिथं इंटर्नशिपसाठी नक्की अर्ज करू दे.

स्पेसएक्सबद्दल त्याला आत्ताच खरं सांगा. अमेरिकेचा कायदा रॉकेटच्या तंत्रज्ञानाला शस्त्रांच्या बरोबरीनं धरतो, त्यामुळे अशा कंपन्या बहुतेक कामांवर अमेरिकी नागरिक किंवा तिथले कायमचे रहिवासी यांनाच घेतात. गुण कितीही असले तरी ही अट सुटत नाही. हे कळायला एमएसचं कर्ज डोक्यावर चढेपर्यंत थांबू नये.

पण आपल्याकडेही आता काम उभं राहतंय. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम३ या रॉकेटनं वनवेब कंपनीचे ३६-३६ इंटरनेट उपग्रह सोडले. दुसरीकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये आपलाच ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह फाल्कन ९ वरून पाठवावा लागला, कारण तितकं वजन वर सांगितलेल्या उंच कक्षेच्या वाटेवर नेण्याची आपल्या रॉकेटची ताकद नव्हती. ही उणीव भरून काढायला सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या पिढीच्या रॉकेटला मंजुरी मिळाली, आणि त्याचा पहिला टप्पा परत येणारा असेल. चित्रदुर्गजवळ ‘पुष्पक’ या पंखवाल्या, पुन्हा वापरायच्या यानाच्या नमुन्याला हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवण्याचे प्रयोग २०२३ आणि २०२४ मध्ये यशस्वी झाले आहेत. हैदराबादची स्कायरूट आणि चेन्नईची अग्निकुल या खाजगी कंपन्यांनीही आपापली पहिली चाचणी उड्डाणं केली आहेत. तुमचा मुलगा इंजिनिअर होईल तेव्हा यातलं बरंच काम भर हंगामात असेल, असं मला मनापासून वाटतं.

आता आईंसाठी. तो बहुधा गोव्यात राहणार नाही. ही कामं तिरुवनंतपुरम, बंगळुरू, हैदराबाद, श्रीहरिकोटा इथं आहेत. मी तुम्हाला गोड बोलून पाठवणार नाही. पण पदवीची चार वर्षं तो फर्मागुडीला राहिला तर शनिवारी घरी येईल, काजूच्या दिवसांत हाताशी असेल, आणि कर्ज नसल्यामुळे पुढे कुठली नोकरी घ्यायची हे त्याचं त्याला ठरवता येईल.

एक काम त्याच्यासाठी. उपग्रहाच्या डिशला मोकळं आभाळ लागतं आणि तुमच्या घराभोवती माड-पोफळी आहेत. शिवाय उपग्रहाच्या रेडिओ लहरींची लांबी दोन-तीन सेंटिमीटरची, त्यामुळे मुसळधार पाऊस त्यांना अडवतो, आणि सत्तरीचा पाऊस मी तुम्हाला काय सांगू! त्याला म्हणावं, घराभोवती फिरून बघ. डिश नेमकी कुठे बसवशील, तिथून किती आभाळ मोकळं दिसतं, कुठली झाडं आड येतात, हे कोन मोजून वहीत काढ. हे करताना त्याला झाडांचा आणि लहरींचा हिशेब आवडला तर इलेक्ट्रॉनिक्स. डिश पावसात हलणार नाही असा खांब कसा उभा करायचा यातच तो रमला तर मेकॅनिकल. मे महिन्यात त्याला घेऊन या, आणि वही आणायला विसरू नको म्हणावं.