देवाच्या कानावर घातलेली नावं

प्रिय ईशा,

मावशीने तुला आमचा व्हिडिओ दाखवला आणि लगेच तुझा निरोप आला: "आई, तुम्ही दोघं कोकण फिरायला गेलात ना? मग पहिला दिवस त्या छोट्या देवळात का घालवलात? आणि तो माणूस नारळ धरून देवाशी भांडत होता का?" फोनवर घाईघाईत सांगितलं असतं तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून लिहिते आहे.

भांडत नव्हते गं ते. गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, असं तू शिकली आहेस आणि ते बरोबरच आहे. पण तळकोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात म्हणजे सगळी हकिकत त्याच्या कानावर घालतात. कोण आलंय, कुठून आलंय, मनात काय आहे, सगळं. आणि आपलं आपण नाही सांगायचं. आपल्या वतीने गुरव किंवा गावचे मानकरी सांगतात, आपण हात जोडून उभं राहायचं.

मुंबईहून पहाटे निघालो होतो. पेण, महाड, चिपळूण करत नांदगावच्या तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागेपर्यंत उन्हं कलली. वाटेत काय काय बघायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. आधी कुठे जायचं यावर मात्र एकदाही नाही. गावात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा ग्रामदेवतेला सांगायचं, मग हवं तिकडे फिरायचं. आजोबा तसंच करायचे, बाबाही तसंच करतो.

आपलं ग्रामदैवत रवळनाथ. सिंधुदुर्गात बऱ्याच गावांत तोच असतो, आणि त्याच्या जोडीला सातेरी. तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते: कितीतरी ठिकाणी सातेरी म्हणजे घडवलेली मूर्ती नसतेच, जमिनीतून वर आलेलं वारूळ असतं. त्याला तिकडे रोयण म्हणतात. माती हीच देवी. मला स्वतःला कुठल्याही कोरीव मूर्तीपेक्षा ते रूप जास्त जवळचं वाटतं.

गुरवांनी बाबाला आधी निरखून पाहिलं. "खंयच्या वाडीतले?" बाबाने वाडी सांगितली, पणजोबांचं नाव सांगितलं. ते चटकन म्हणाले, "म्हणजे बावीकडल्या घरातले!" बाव म्हणजे विहीर. ईशा, ते घर पडून वीस वर्षं झाली. तिथे आता जांभ्या दगडाचं जोतं उरलंय आणि त्यावर रान माजलंय. पण गावाच्या लेखी आपण अजून बावीकडल्या घरातलेच आहोत. बाबा नुसता मान हलवत राहिला.

मग त्यांनी तुमची दोघांची नावं विचारली, नारळाची शेंडी देवाकडे केली आणि आवाज चढवला:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

आजूबाजूला चार-पाच जण होते, ते एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां परमुलखातसून तुझ्या पायाकडे इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंची पोरां थंय लांब आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

पुढे तुझं नाव आलं, दादाचं आलं. इतक्या वर्षांत यायला जमलं नाही, त्याची चूकभूलही सांगून झाली, आणि प्रत्येक वाक्याला ते "व्हय म्हाराजा". त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. पंचा खांद्यावर टाकलेले एक आजोबा होते, एक जण बागेत फवारणी करून तसाच आला होता. माझ्या मुलांसाठी ते माझ्याइतक्याच जोराने "होय" म्हणत होते. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे कुलदैवताला जातात, जागरण-गोंधळ घालतात, पण ही रीत नव्हती. लग्नानंतर मला याच देवळात आणलं होतं आणि घरात नवी सून आली म्हणून माझंही नाव असंच सांगितलं होतं. तेव्हा मी लाजून खाली बघत होते. या वेळी सगळं नीट ऐकलं.

त्यानंतर मात्र खूप फिरलो. विजयदुर्ग पाहिला, कुणकेश्वराच्या देवळामागचा समुद्र पाहिला, मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला. चहूबाजूंना खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दूधबावीत वाकून पाहताना बाबा म्हणाला, "ईशाला इथे आणायलाच हवं."

देवळातून मिळालेली नारळाची कवड मी रुमालात गुंडाळून ठेवली होती. तुमच्यासाठी आणायची फार इच्छा होती, पण इतके दिवस ती टिकली नसती. मालवणच्या वाटेवर गाडी आंब्याखाली थांबवून आम्ही ती गुळाबरोबर खाल्ली. झाड मोहोराने भरलं होतं.

व्हिडिओ पुन्हा लाव आणि बाबाचा आवाज ऐक. पहिल्या दोन हाकांना तो सगळ्यांत मोठ्याने ओरडलाय. तुझं नाव आल्यावर त्याचा आवाज येत नाही. पुढच्या खेपेला तू त्याच्या शेजारी उभी राहा, आणि तेवढं "व्हय म्हाराजा" त्याच्या वाटचंही म्हण.

तुझी,
आई