पश्तून (पठाण) लोकांचा दुधाचा चहा घरी कसा करायचा?

आधी एक घोळ मिटवते. पेशावरचा कहवा म्हणजे हिरव्या पत्तीचा, वेलदोडा घातलेला, बिनदुधाचा चहा. तुम्ही विचारताय तो दुधाचा चहा वेगळा. पेशावर-क्वेट्टाकडे आणि कराचीतल्या पश्तून हॉटेलांत मिळतो तो, 'दूध-पत्ती'.

दोन कपांसाठी अर्धा लिटर म्हशीचं सायीचं दूध घ्या. टोन्ड दुधाने तो दाटपणा येतच नाही. पाणी फक्त अर्धा कप. त्यात तीन ठेचलेले वेलदोडे आणि तीन चमचे कडक काळी पत्ती टाकून दोन-तीन मिनिटं उकळा, रंग गडद होऊ द्या. मग दूध आणि साखर घाला. साखर सढळ हाताने, हा चहा गोडच छान लागतो.

खरं काम यापुढे. उकळी आली की गॅस बारीक करा आणि वगराळ्याने चहा वर उचलून वीतभर उंचीवरून परत पातेल्यात सोडत राहा. दहा-बारा मिनिटं तरी. दूध आटतं, वर बारीक फेस धरतो, तळाला लागत नाही आणि उतूही जात नाही. रंग भाजलेल्या विटेसारखा झाला की गाळा.

आलं मात्र नको. मलाही आल्याशिवाय चहा सुचत नाही, पण इथे दुधाची आणि वेलदोड्याचीच चव हवी.

तिकडे छोट्या चिनीमातीच्या किटलीत, म्हणजे 'चायनक'मध्ये देतात. सोबत गरम पराठा घ्याच.